दहा बाय दहाच्या खोलीत चेहरा टिपताना

"घर मोठं असतं तर घरीच छान फोटो काढले असते," असं म्हणणारी माणसं सगळीकडे भेटतात. त्यांच्या तक्रारीही ठरलेल्या असतात. घरात जवळून फोटो काढला की नाक मोठं का दिसतं? चेहऱ्यावर हिरवट किंवा पिवळट झाक कुठून येते? माणसाआधी मागचं कपाट आणि दोरीवरचे कपडेच नजरेत का भरतात? आणि या सगळ्यांच्या मुळाशी असलेला प्रश्न: दहा बाय दहाच्या खोलीत चांगलं पोर्ट्रेट, म्हणजे पाहताक्षणी माणूस ओळखीचा वाटावा असं व्यक्तिचित्र, निघू शकतं का?

निघू शकतं. त्यासाठी महागडी सामग्री लागत नाही, पण तीन अंतरं नीट समजून घ्यावी लागतात: कॅमेऱ्यापासून चेहऱ्याचं, चेहऱ्यापासून मागच्या भिंतीचं आणि खिडकीपासून चेहऱ्याचं. बंगल्यात ही तीन अंतरं एकमेकांच्या आड येत नाहीत. लहान घरात तिघांनाही त्याच दहा फुटांतून वाटा हवा असतो, आणि एकाला दिलं की दुसऱ्याचं कमी होतं. वरच्या बहुतेक तक्रारी या वाटणीतून निघतात.

लहान घर म्हणजे किती लहान? मुंबईतल्या वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग इथल्या शंभर वर्षांपूर्वीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात अख्खं कुटुंब राहत आलं. नव्या इमारतींतल्या वन आरकेची बाहेरची खोलीही पलंग, कपाट आणि टीव्हीचं टेबल वजा केलं की फार वेगळी उरत नाही. म्हणून पुढच्या सगळ्या हिशेबांसाठी आपण दहा फूट लांबीची एक मोकळी पट्टी धरू. सेंटीमीटरमध्ये ती ३०५ भरते.

१. नाक मोठं का दिसतं?

दोष बहुतेक वेळा लेन्सला दिला जातो. खरं कारण आहे अंतर.

नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचं अंतर साधारण १२ सेंटीमीटर धरा. मोबाइल नाकापासून ३० सेंटीमीटरवर असेल, तर कान त्याच्यापासून ४२ सेंटीमीटरवर येतो. वस्तू जितकी जवळ तितकी मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या तुलनेत नाक ४२ भागिले ३०, म्हणजे १.४ पट मोठं उमटतं. आता मोबाइल १५० सेंटीमीटरवर, म्हणजे पाच फुटांवर न्या. कान १६२ सेंटीमीटरवर गेला. १६२ भागिले १५० म्हणजे १.०८. फरक चाळीस टक्क्यांवरून आठ टक्क्यांवर आला. समोरासमोर बसून बोलताना आपण माणसाला साधारण याच अंतरावरून पाहतो, म्हणून हाच चेहरा आपल्याला त्याचा खरा चेहरा वाटतो.

सेल्फी पाहून नाक बारीक करून घ्यायला येणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याचं गणित मांडलं. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांविषयीच्या एका वैद्यकीय नियतकालिकात २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त भासते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्या नाकावर सुरी चालवायची तयारी माणसं करत होती, ते नाक ठीकच होतं. मोबाइल फार जवळ होता.

यातून लहान घरातला पहिला नियम मिळतो: कॅमेरा चेहऱ्यापासून चार ते पाच फुटांच्या आत आणायचा नाही. चेहरा मोठा हवा असेल तर पुढे न सरकता झूम वापरायचा. मोबाइलमध्ये दोन पट किंवा तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर उत्तमच. नसेल तर पाच फुटांवरून फोटो काढून नंतर कडा कापा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली, तरी पोस्टकार्डाएवढी स्वच्छ प्रिंट निघते. वाकडं नाक मात्र नंतर सरळ करता येत नाही.

२. दहा फुटांची वाटणी

आता पट्टी वाटून पाहू. फोटो काढणाऱ्याला उभं राहायला दीड फूट हवा. भिंतीला पाठ टेकवली तरी कॅमेरा तेवढा पुढे येतोच. बसलेल्या माणसाच्या मागे भिंतीपर्यंत तीन फूट सोडू. तेवढी जागा का हवी ते पुढे कळेल. उरले साडेपाच फूट, म्हणजे १६८ सेंटीमीटर. कॅमेरा आणि चेहरा यांच्यामध्ये एवढीच जागा आहे. पहिला नियम कसाबसा पाळला गेला.

एवढ्या अंतरातून किती माणूस मावतो, हे लेन्सच्या नाभीय अंतरावर अवलंबून असतं. लेन्सवर मिलिमीटरमध्ये छापलेला आकडा तो हाच. आकडा मोठा, तर दिसणारा तुकडा लहान. मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यात प्रतिमा टिपणाऱ्या पट्टिकेची लांब बाजू ३६ मिलिमीटर असते. कॅमेरा उभा धरला तर हिशेब सरळ आहे: अंतराला ३६ ने गुणायचं आणि लेन्सच्या आकड्याने भागायचं.

५० मिलिमीटरची लेन्स लावली तर १६८ गुणिले ३६ भागिले ५०, म्हणजे जवळपास १२१ सेंटीमीटर उंचीचा तुकडा मिळतो. खुर्चीवर बसलेला माणूस डोक्यापासून मांडीपर्यंत आरामात येतो. ८५ मिलिमीटरच्या लेन्सला पोर्ट्रेटची लेन्स म्हणून फार मान आहे, पण इथे तिच्यातून ७१ सेंटीमीटरच दिसतं: डोकं आणि छाती. लहान पट्टिकेच्या, म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या डीएसएलआर कॅमेऱ्यांत लांब बाजू साधारण २३.५ मिलिमीटर असते. त्यांच्यावर ५० ची लेन्सही ७९ सेंटीमीटरच दाखवते. लहान घरासाठी ८५ ची लेन्स घ्यायला निघालेल्याने आधी मोजपट्टी काढावी. तिच्यातून उभा माणूस डोक्यापासून पावलांपर्यंत हवा असेल, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यालासुद्धा साडेपंधरा फूट लागतात. तितकी सलग जागा अख्ख्या घरात नसते.

माझा सल्ला सरळ आहे. या खोलीत उभ्या माणसाचा पूर्ण फोटो काढण्याचा हट्ट धरू नका. माणसाला बसवा. बसल्यावर उंची बरीच कमी होते, खांदे सैल पडतात, हातांना काही करायला मिळतं.

तरीही जागा कमी पडलीच, तर ती तीन ठिकाणी सापडते. एक, दार. माणूस खोलीत आणि तुम्ही उंबऱ्याबाहेर, चाळीच्या गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात. तीन-चार फूट फुकटात मिळाले. दोन, कर्ण. दहा बाय दहाच्या खोलीचा कर्ण चौदा फुटांहून थोडा जास्त भरतो, त्यामुळे कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे पाहिलं की खोली चार फुटांनी वाढते. तिसरं ठिकाण फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही: कपाटाचा आरसा. माणूस आरशापासून पाच फुटांवर बसला आणि तुम्ही त्याच्या बाजूला, आरशापासून चार फुटांवर उभं राहून आरशातलं प्रतिबिंब टिपलंत, तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते अंतर नऊ फूट होतं. फोकस प्रतिबिंबावर साधायचा, आरशाच्या काचेवर नाही. फोटोत डावं-उजवं उलटं येतं, साडीचा पदर उजव्या खांद्यावर दिसतो, शर्टाचा खिसा उजवीकडे जातो. मोबाइलवर एका बटणाने तो पुन्हा पलटवता येतो. आरसा मात्र आधी कागदाने स्वच्छ पुसून घ्या, नाहीतर बोटांचे ठसे चेहऱ्यावर येतील.

३. खिडकीपासून किती दूर?

लहान घरात एक गोष्ट मोठ्या घरापेक्षा चांगली असते: कुठेही बसलं तरी खिडकी जवळच असते. चेहऱ्यासाठी यापेक्षा चांगला दिवा बाजारात मिळत नाही.

का, ते पाहू. सावलीची कड धारदार की मऊ, हे दिवा चेहऱ्यावरून पाहताना किती मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य प्रचंड आहे, पण इतका दूर की आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून भर उन्हात नाकाची सावली कोरल्यासारखी पडते. चार फूट रुंदीची खिडकी तीन फुटांवर असेल तर चेहऱ्याच्या एका बाजूला उजेडाची अख्खी भिंतच उभी असते. सुरकुती, गालाचा उंचवटा, हनुवटीखालचा खळगा, सगळ्यांवर उजेड हळूहळू उतरत जातो. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर हा फायदा जातो. तिथे पांढरा पंचा, जुनं धोतर किंवा पातळ सुती साडी ताणून बांधा. मग खिडकी पुन्हा मोठा, मऊ दिवा होते. कापड पांढरंच हवं, कारण रंगीत पडदा आपला रंग चेहऱ्याला देतो.

आता उजेड कमी कसा होत जातो ते. शेकोटीजवळ बसलेला माणूस एक पाऊल मागे सरकला की ऊब एकदम कमी होते. पण जो आधीच वीस पावलं दूर आहे, त्याला आणखी एक पाऊल मागे गेल्याने काही जाणवत नाही. उजेडाचं असंच आहे. लहान दिव्यापासून अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. खिडकी रुंद असल्यामुळे अगदी जवळ हा हिशेब काटेकोर लागत नाही, उजेड थोडा सावकाश घटतो, पण कल तोच.

याचा उपयोग दोन ठिकाणी होतो. पहिला, पसारा लपवायला. चेहरा खिडकीपासून दोन फुटांवर आणि मागची भिंत खिडकीपासून आठ फुटांवर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्शाच्या आसपास उजेड पोहोचतो. चेहऱ्याप्रमाणे कॅमेरा जुळवला की भिंत, कपाट, दोरी सगळं अंधारात बुडतं. काहीही हलवावं लागत नाही. यासाठी खोलीतले बाकीचे दिवे मात्र बंद हवेत. मागच्या भिंतीसाठी तीन फूट राखले ते याचसाठी: माणूस भिंतीला टेकला की भिंतही त्याच्याइतकीच उजळते.

दुसरा उपयोग दोघांच्या फोटोत. आजी-आजोबा खिडकीशेजारी बसलेत, आजी खिडकीपासून दोन फुटांवर, आजोबा तिच्या पलीकडे साडेतीन फुटांवर. आजोबांच्या चेहऱ्यावर आजीच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड. त्यांचा चेहरा काळवंडतो. दोघांना तसंच उचलून सहा आणि साडेसात फुटांवर बसवा. आता फरक दीडपटीच्या आसपास येतो आणि दोघंही नीट दिसतात. एकट्या माणसाला खिडकीजवळ, दोघांना खिडकीपासून दूर, असं ध्यानात ठेवलं तरी पुरे. उजेड कमी झाला याची भीती बाळगू नका. तो कॅमेऱ्याला भरून काढता येतो. दोन चेहऱ्यांमधली तफावत भरून काढणं फार अवघड जातं.

खिडकी कोणत्या दिशेची? चित्रकलेच्या पुस्तकांत उत्तरेची खिडकी सर्वोत्तम सांगितलेली असते, कारण तिच्यातून थेट ऊन येत नाही. ही पुस्तकं युरोपात लिहिलेली आहेत. आपला महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे मुंबई-पुण्यात साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. शून्य सावलीचे दोन दिवस या काळाच्या दोन टोकांना येतात. शिवाय मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडून उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येऊ शकतं. थंडीत मात्र ती खिडकी दिवसभर शांत असते. आणि पावसाळ्यात दिशेचा प्रश्नच मिटतो. ढगांनी भरलेलं आकाश प्रत्येक खिडकीला सारखाच मऊ उजेड देतं. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हे महिने फोटोसाठी वाया जातात असं समजणाऱ्यांनी एकदा श्रावणातल्या सकाळी खिडकीजवळ चेहरा पाहावा.

घरातच व्यक्तिचित्रं काढणाऱ्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरून या बाईंची आठवण इथे यायलाच हवी. जन्म कोलकात्यातला, १८१५ सालचा. वयाच्या ४८ व्या वर्षी, १८६३ मध्ये मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर त्यांचं घर होतं. त्यांनी कोळसा ठेवायच्या खोलीची डार्करूम केली आणि काचेच्या खुराड्यातल्या कोंबड्या बाहेर काढून तिथे स्टुडिओ थाटला. कवी टेनिसन आणि शास्त्रज्ञ डार्विन यांची त्यांनी काढलेली व्यक्तिचित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांच्या वेळी माणसाला काही मिनिटं न हलता बसावं लागे. आपल्याला सेकंदाचा १२५ वा भाग पुरतो.

४. भिंतीही उजेड देतात

खिडकीतून आलेला उजेड चेहऱ्यावर पडून संपत नाही. तो समोरच्या भिंतीवर आपटतो आणि तिचा रंग घेऊन परत येतो. मोठ्या दालनात भिंती दूर असतात, परतणारा उजेड क्षीण असतो. लहान खोलीत भिंत चेहऱ्यापासून तीन फुटांवर. ती पिस्ता रंगाची असेल तर सावलीतला गाल हिरवट दिसणार, गुलाबी असेल तर लालसर, गडद निळी असेल तर माणूस आजारी. जमिनीवरची लाल सतरंजी हनुवटीखाली उमटते. समोरच्या इमारतीचा रंगही खिडकीतून आत येतो.

कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढऱ्याला पांढरं दाखवायची सोय, इथे अर्धंच काम करतं. ती संपूर्ण फोटोचा रंग सरकवते. एक गाल ठीक आणि एक गाल हिरवा असेल तर दोन्ही एकदम सुधारू शकत नाही. उपाय खोलीतच करावा लागतो. रंगीत भिंत आणि चेहरा यांच्यामध्ये पांढरं काहीतरी उभं करा: स्टेशनरीच्या दुकानातला मोठा कार्डशीट, धुतलेली चादर, पांढऱ्या कापडाचा इस्त्रीचा बोर्ड. चादरीला नीळ जास्त झालेली नसावी.

पांढऱ्या भिंतींच्या खोलीत उलटी अडचण येते. उजेड सगळीकडून परत येतो, सावली भरून जाते आणि चेहरा सपाट दिसतो. अशा वेळी खिडकीच्या विरुद्ध बाजूला, चेहऱ्यापासून दीड-दोन फुटांवर, काळी घोंगडी किंवा गडद शाल खुर्चीच्या पाठीवर टाका. ती उजेड पिऊन टाकते. गाल, जबडा आणि मान यांना लगेच आकार येतो. फोटो काढण्याआधी शाल दोनदा ठेवून आणि काढून पाहा. गालाच्या हाडाखालची सावली डोळ्यांसमोर गडद होते आणि पुसली जाते. मोबाइल हातात न घेताही हे दिसतं. उजेड वाचायला शिकायची सुरुवात इथून करावी.

आपटून परतणाऱ्या उजेडाचा सर्वांत सुंदर वापर भारतातच झाला. सत्यजित राय यांच्या १९५६ च्या 'अपराजितो' चित्रपटातलं बनारसचं घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. जुन्या वाड्याच्या चौकात वरून उतरणारा, दिशा नसल्यासारखा उजेड दिव्यांनी कसा आणायचा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणून बसवलं आणि दिवे माणसांवर न रोखता त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेल्या उजेडाने ते घर खरं झालं. आपल्याकडे चादर आहे आणि छत आहे, तत्त्व तेच.

५. ट्यूब, एलईडी, फ्लॅश

रात्री फोटो काढायचाच असेल तर तीन गोष्टी पुरतात. पहिली, एका वेळी एकाच जातीचा दिवा. उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात: पिवळा बल्ब सुमारे २७००, दुपारचं ऊन साधारण ५५००, पांढरी ट्यूब ६५००. आकडा कमी तितका उजेड पिवळा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की चेहऱ्याचे दोन रंगांचे दोन भाग होतात, म्हणून दिवसा खिडकी वापरताना ट्यूब आणि बल्ब दोन्ही बंद करा.

दुसरी, पट्टे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण वेगवान शटरमध्ये फोटोवर आडवे काळसर पट्टे येतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की ते बहुधा जातात.

तिसरी, फ्लॅश थेट तोंडावर मारायचा नाही. लहान खोलीत माणसाच्या मागेच भिंत असते, तिच्यावर काळी सावली उभी राहते. डोकं वळणारा फ्लॅश असेल तर तो पांढऱ्या छताकडे वळवा. नऊ-दहा फुटांवरचं छत हा घरातला सर्वांत मोठा पांढरा पडदा आहे, आणि तो कुणाच्या पायात येत नाही. पोटमाळ्याखाली मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे पांढऱ्या भिंतीकडे वळवा.

६. मागे काय ठेवायचं?

पार्श्वभूमी धूसर करायची म्हणून सगळे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडतात. या छिद्राला अ‍ॅपर्चर म्हणतात आणि त्याचा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं. ५० ची लेन्स १.८ वर उघडून १२० सेंटीमीटरवरून फोटो काढला, तर जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, नाकाचा शेंडा आणि कान पुसट. आणि भिंत तीनच फुटांवर असल्यामुळे कॅलेंडरावरचे आकडे पुसट झाले तरी कॅलेंडर कॅलेंडरच राहतं. दोन्हीकडून तोटा. चारच्या आकड्यावर स्पष्ट भाग १४ सेंटीमीटरच्या आसपास जातो आणि चेहरा पूर्ण मिळतो. मागचं सामान धूसर करण्यापेक्षा अंधारात घालणं किंवा निवडून ठेवणं लहान घरात जास्त साधतं.

निवडून ठेवणं यावर माझा भर आहे. आपण पोर्ट्रेट काढायचं ठरवलं की घर लपवायला धावतो. पण ज्या बाईने चाळीस वर्षं त्या मांडणीवरचे डबे घासले, तिच्या मागून मांडणी काढून टाकली तर काय उरतं? खिडकी बाजूला असेल तर स्टीलच्या प्रत्येक डब्यावर उजेडाची एक उभी रेघ असते, वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत ओळीने. तांब्याच्या कळशीवर ती तांबूस आणि रुंद होते. एवढं असताना मागे निळा पडदा कशाला लावायचा? काढायचं ते एवढंच: प्लास्टिकच्या पिशव्या, औषधांचे खोके, चार्जरच्या वायरी, आणि डोक्यातून उगवल्यासारखी दिसणारी खुंटी.

अरुंद जागाच माणसाला बोलतं करते, हे अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन यांनी दाखवलं. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या त्यांच्या स्टुडिओत जागेची वानवा नव्हती. तरी त्यांनी दोन उभे फलक तिरके जोडून एक चिंचोळा कोपरा बनवला आणि नामवंतांना त्यात उभं केलं. लेखक ट्रुमन कपोटी, कलावंत मार्सेल द्युशां, चित्रकार जॉर्जिया ओकीफ, मुष्टियोद्धा जो लुई. कुणी भिंतींना रेलून उभं राहिलं, कुणी अंग आक्रसून घेतलं. त्या कोपऱ्यात प्रत्येकजण आपापल्या स्वभावाप्रमाणे वागला आणि तेच फोटोत उतरलं. पेन यांना जो कोपरा बांधून घ्यावा लागला, तो आपल्या प्रत्येक खोलीत चार ठिकाणी तयार आहे.

७. समोर बसलेला माणूस

लहान घरातली सर्वांत मोठी अडचण उजेडाची किंवा लेन्सची नाही. तिथे एकांत नसतो. आजी खुर्चीवर बसली की नातू मागून डोकावतो, सून पदर नीट करायला येते, आजोबा सूचना देतात, शेजारीण दारात उभी राहते. इतक्या नजरांपुढे कुणाचाही चेहरा आखडतो. फोटोची वेळ म्हणून अशी निवडा की घरात दोघंच असाल. बहुतेक घरांत दुपारी जेवणं आटोपल्यावर तासभर शांतता मिळते.

हातात काम द्या. वाती वळणं, शेंगा सोलणं, चष्मा पुसणं. हात गुंतले की तोंड सैल होतं. आणि सूचना थोड्या, घरातल्याच भाषेत द्या. "आजी, खिडकीबाहेर बघ जरा, पाऊस आला का?" एवढ्यावर तिचा चेहरा नेमका उजेडाकडे वळतो. "हनुवटी खाली, मान डावीकडे" असं म्हटलं की ती पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी ताठ होते. चष्म्यात खिडकी चमकत असेल तर काड्या कानावर किंचित वर उचला. काचा खाली झुकतात आणि चमक जाते. पण चष्मा काढायला लावू नका. ज्या माणसाला आपण वीस वर्षं चष्म्यातच पाहिलं, तो चष्म्याशिवाय परका दिसतो.

हे सगळं इतक्या तपशिलाने लिहायला एक कारण आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेल्यावर भिंतीवर लावायला फोटो शोधतात, तेव्हा अनेक घरांत मिळतो तो कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, नाहीतर आधार कार्डावरचा. त्यात ते माणूस जसं होतं तसं दिसत नाही. ज्या खोलीत ते आयुष्यभर वावरलं, तिथे त्याचा एक बरा फोटो काढायला खिडकी, चादर आणि अर्धा तास पुरला असता.

तेव्हा येत्या रविवारी मोजपट्टी घेऊन खोलीतली सर्वांत लांब मोकळी रेषा मोजा, कर्णासकट. सकाळी आठपासून दर दोन तासांनी खिडकीजवळ हाताचा तळवा धरून पाहा, बोटांची सावली कोणत्या वेळी सर्वांत मऊ पडते ते. ती वेळ लिहून ठेवा. मग घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या वेळी तिथे बसवा आणि पाच फुटांवरून फोटो काढा. त्यातला एक निवडून आठ बाय बारा इंचांची प्रिंट करून घ्या आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने नाव व तारीख लिहा. मोबाइल बदलतात, हरवतात, बिघडतात. कागदावरची प्रिंट घरात राहते.